रोहित्राच्या पोटातला माणूस

दलित कवितेत सूर्य फार उगवला. मशालीही पेटल्या. त्याबद्दल तक्रार नाही; शतकांच्या काळोखाला उत्तर देताना ती प्रतिमा अपरिहार्य होती. परंतु ज्या हातांनी खरोखरीचा उजेड दुरुस्त करून खेड्याला परत दिला, ते हात आपल्या साहित्यात कुठे आहेत?

बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मध्ये रेल्वेतला कामगार आला, नारायण सुर्व्यांच्या कवितेत गिरणी आली. वीज मात्र, माझ्या वाचनात तरी, रूपकच राहिली. वास्तविक १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचा विषयही होता. स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण अशक्य, हे त्यांनी १९४३ मध्येच मांडले होते.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात रब्बीत मोटारींचा भार वाढतो आणि डीपी जळते. ११ हजार व्होल्टचा दाब ४३३ वर आणणारे ते रोहित्र वर्कशॉपात येते. तेल काढायचे, झाकण खोलायचे, चेनपुलीने कोअर वर घ्यायचा. जळालेली कॉइल उतरवून कागदाचे थर देत नवी गुंडाळायची. भट्टीत ओल मारायची. गाळलेले तेल भरून मेगर लावायचा. माझ्या वडिलांनी तीस वर्षे हेच केले. १९६० साली स्थापन झालेले वीज मंडळ २००५ मध्ये कंपन्यांत विभागले गेले. वडील आधीही कंत्राटदाराकडे रोजावर होते, नंतरही. रोहित्र बसवायला गेले की काही घरी त्यांना पाणी वरून ओतून मिळे. मोटार मात्र लगेच सुरू होई.

गेल्या वर्षी आयटीआय करून आमच्या महाविद्यालयात आलेल्या एका विद्यार्थ्याने अशाच कामगाराची कथा लिहून आणली. तीत ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी पडते, म्हणजे दमट हवा आत शिरू लागलेली असते, आणि ते फक्त नायकाला दिसते. मी लाल शाईने लिहिले : 'तांत्रिक तपशील कमी करा. वेदना वाढवा.' त्याने निमूटपणे तसे केले. आता कथेत वेदनेखेरीज काहीच उरले नव्हते. नायक कोणीही असू शकला असता. प्रस्थापित समीक्षक आपल्याकडे वेदनाच मागतात, असे मी व्यासपीठावरून बोलत आलो आहे. ती मागणी माझ्याच शाईत होती. आपला माणूस केवळ सोसत नाही, त्याला काही येतेही, हे मी खोडले होते.

पहिला खर्डा मी वडिलांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चांगलं लिवलं पोरानं. पन तेल गाळाचं राह्यलं त्याचं. सांगजो त्याले."