अक्षांश-रेखांश, पण कोणत्या पृथ्वीवरचे?

भारतीय सर्वेक्षण विभागाचा अलिबागचा जुना स्थलनिर्देशक नकाशा (४७ बी/१४, प्रमाण १:५०,०००) आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरच्या ‘ओपन सिरीज’ मालिकेतील त्याच भागाचा नकाशा, या दोहोंवर कुलाबा किल्ल्याचे अक्षांश-रेखांश वाचले तर दोन-तीन सेकंदांचा फरक पडतो. किल्ला जागचा हललेला नाही, मोजणीही चुकलेली नाही. मग हा फरक कशाचा? आमच्या मते शालेय व उच्च माध्यमिक भूगोलाचे अध्यापन या प्रश्नाला पुरेसे भिडतच नाही, आणि हा त्यातला मोठा दोष आहे.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. ध्रुवांपाशी ती किंचित चपटी आहे. नकाशाकाराला आधी तिचा एक गणिती आकार, म्हणजे गोलाभ, निवडावा लागतो आणि तो नेमका कसा बसवायचा हेही ठरवावे लागते. जुन्या नकाशांसाठी जॉर्ज एव्हरेस्ट यांचा १८३० चा गोलाभ घेतला गेला. मध्य प्रदेशातील कल्याणपूर हे स्थानक आधार धरून तो भारतीय उपखंडाला चपखल बसेल असा ठेवला होता. त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळत नाही. नव्या मालिकेने डब्ल्यूजीएस-८४ हा गोलाभ स्वीकारला. त्याचे केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी जुळवलेले आहे आणि जीपीएस यंत्रणा तोच वापरते. दोहोंच्या विषुववृत्तीय त्रिज्यांतच साडेआठशे मीटरच्या आसपास फरक आहे. आकार आणि बैठक बदलली की त्याच बिंदूचे आकडे बदलतात. जुने आकडे जसेच्या तसे मोबाइलमध्ये भरले, तर अलिबाग परिसरात खूण ढोबळमानाने शंभर-सव्वाशे मीटर दूर पडते. १:५०,००० च्या नकाशावर हे अंतर दोन मिलिमीटर किंवा थोडे अधिक भरते, म्हणजे साध्या मोजपट्टीनेही दिसते.

आता अध्यापनाचा भर कशावर असतो ते पाहू. दंडगोल, शंकू आणि खमध्य प्रक्षेपणांच्या आकृत्या विद्यार्थी नेटाने काढतात. जगाच्या नकाशासाठी हे शिकायलाच हवे. मर्केटर प्रक्षेपणात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. पण किनाऱ्याच्या एखाद्या तालुक्यापुरते पाहिले तर चित्र उलटे होते. नव्या मालिकेत यूटीएम प्रक्षेपण आहे. त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडतात. रायगड ४३ व्या पट्ट्यात येतो आणि त्याचे मध्यवर्ती रेखावृत्त ७५° पूर्व आहे. तेथून अलिबाग सुमारे सव्वादोन अंश पश्चिमेला असल्याने, प्रक्षेपणामुळे एक किलोमीटर अंतर जेमतेम २० ते २५ सेंटिमीटरने वाढते. म्हणजे ज्यावर आपण तासन्‌तास घालवतो त्याने येथे वीतभर फरक पडतो, आणि ज्याचा आपण उल्लेखही करत नाही त्याने शंभर मीटरचा.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी ५० मीटर आणि विरळ वस्तीसाठी २०० मीटर ठरवला आहे. घर, वाडी किंवा मासळी सुकवण्याची जागा या रेषेच्या आत की बाहेर, हे नकाशावरून ठरते. तेथे शंभर मीटरची गफलत किती महाग पडेल हे किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागणार नाही. गावाने आपल्या हरकतीसोबत जोडलेले आकडे कोणत्या गोलाभावरचे आहेत, हे विचारण्याइतकी जाण त्याला शाळेतूनच मिळायला हवी.

वेळ कमी आणि अभ्यासक्रम मोठा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण आम्ही सुचवतो त्याला एक तास पुरेल. स्थलनिर्देशक नकाशा उघडला की सांकेतिक खुणांच्या आधी समासातील मजकूर वाचावा आणि गोलाभ व प्रक्षेपण यांची वेगवेगळी नोंद करून घ्यावी. आणि प्रात्यक्षिक वहीत अक्षांश-रेखांशापुढे गोलाभाचे नाव नसेल, तर एकक न लिहिलेल्या उत्तराचे गुण कापतो तसे येथेही कापावेत.