पांगुळाचें रूपक आणि उठण्याचें शास्त्र

संतवाणींतील पांगुळ हा मराठवाड्याचा जुना रहिवासी. पैठणच्या एकनाथांनीं आपल्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका यांच्या पंगतीस पांगळ्यासही बसविलें. हा पांगळा म्हणजे देहानें पंगु झालेला मनुष्य नव्हे, परमार्थाच्या वाटेवर खोळंबलेला जीव होय. रूपक म्हणून यांत उणें काढण्यास जागा नाहीं. आमची तक्रार आहे ती पुढील लेखकांविषयीं. त्यांनीं रूपकांतील अर्थ टाकून दिला आणि चमत्कार तेवढा ठेवून घेतला. रंगभूमीवर व पडद्यावर चाकांच्या खुर्चींतील पात्र शेवटच्या प्रवेशांत एकाएकीं उभें राहतें, आणि प्रेक्षक डोळे पुसतात.

नांदेड-लातूरकडील घरांत अर्धांगवायूनें पडलेला वडील माणूस असा उठत नाहीं. आधीं बाजेच्या कडेवर सरकावें लागतें, पावलें गुडघ्यांच्या मागें घ्यावीं लागतात, नाक पायांच्या बोटांवर येईल इतकें धड पुढें झुकवावें लागतें. मगच बैठक सुटते. भार मात्र सारखा चांगल्या पायाकडे धांवतो, आणि दुबळा पाय नुसता सोबतीस राहिला तर तो शिकत नाहीं. सिडनीच्या जेनेट कार व रोबर्टा शेफर्ड या विदुषींनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हीच क्रिया पुनःपुन्हां करून शिकण्यावर भर दिला. ग्रंथ कोरडा आहे. परंतु उठण्यांत किती नाट्य आहे हें आमच्या नाटककारांपेक्षां त्यांना अधिक कळलें, असें म्हणणें भाग पडतें.

बसण्याविषयीं तर आमचें वाङ्मय बहुधा मुकेंच आहे. वास्तविक तेंही तितकेंच अवघड. मांडीचे स्नायू लांबत असतांनाच त्यांना भार तोलून धरावा लागतो. तें न साधलें म्हणजे माणूस बसत नाहीं, कोसळतो.

शास्त्रीय पत्रकें तरी कोठें निर्दोष आहेत? इंग्रजीवरून उतरविलेल्या पत्रकांत हातांची उंच खुर्ची गृहीत धरलेली असते. इकडे जेवण पाटावर, गप्पा सतरंजीवर. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यांतील लंगरची पंगतही जमिनीवर. जमिनीवरून उठतां न येणारा मनुष्य पंगतींतूनच उठतो. लातुरांत भौतिकोपचाराचें महाविद्यालय आहे. तेथील शिक्षकांनीं बाज, पाट व ओटा गृहीत धरून मराठींत एखादी पुस्तिका लिहिल्यास आम्ही ती आनंदानें परीक्षणास घेऊं.

‘उठबस’ हा शब्द मराठीनें पाहुण्यांच्या सरबराईसाठीं राखला. ज्याची स्वतःची उठबस दुसऱ्याच्या हातीं गेली, त्याच्या मनांत शिरणारी कादंबरी मात्र आमच्या वाचनांत आली नाहीं. विषय घरांतच आहे. “मामा, धरा मला,” म्हणून सून सासऱ्याचा लुळा हात ओढते. प्रेमानेंच ओढते, पण त्यानें खांदा दुखावतो, आणि म्हाताऱ्याची उठण्याची पाळीही हुकते. तिनें दुबळ्या बाजूस उभें राहून, आधारास हात तयार ठेवून, ओढल्यावांचून थांबावयाचें असतें. तेवढ्यांत चुलीवरचें दूध उतूं जातें, म्हातारा रागावतो, आणि पुन्हां पावलें मागें घेतो.