प्रत, प्रयोग आणि प्रक्षेप : जुन्या निगेटिव्हवरून काढलेल्या मोठ्या कृष्णधवल छायाचित्रांविषयी

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (1902–1984) यांनी निगेटिव्हला स्वरलिपीची आणि तीवरून काढलेल्या छापील प्रतीला वादनाची उपमा दिली. मराठी वाचकास हाच विचार नाटकाच्या परिभाषेत अधिक जवळचा वाटेल : निगेटिव्ह ही संहिता आणि प्रत हा प्रयोग. रहिमतपूर येथे जन्मलेले नाटककार वसंत कानेटकर यांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (1962) या नाटकाचे कोणतेही दोन प्रयोग एकसारखे झाले नसतील. तरीही ते सर्व त्याच नाटकाचे प्रयोग होत. त्याचप्रमाणे एका निगेटिव्हवरून दहा जणांनी दहा प्रती काढल्या, तर त्या भिन्न असूनही एकाच छायाचित्राच्या प्रती मानल्या जातात. प्रत काढणाऱ्याच्या स्वातंत्र्याचे समर्थन बहुधा याच उपमेच्या आधाराने केले जाते. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून, इंकजेट यंत्रावर मोठ्या आकाराच्या प्रती काढण्याचा जो प्रघात आज रूढ झाला आहे, त्याच्या संदर्भात ही उपमा अपुरी पडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अशा प्रतीचे मूल्यमापन प्रयोग म्हणून करण्यापूर्वी तिचा विचार पाठ म्हणून केला पाहिजे.

प्रथम या प्रक्रियेचे स्वरूप पाहू. निगेटिव्हवर प्रतिमा असते ती रौप्यकणांची. डार्करूममध्ये तिच्यातून प्रकाश जातो आणि तो थेट रौप्ययुक्त कागदावर पडतो. वस्तू आणि प्रत यांच्यामध्ये प्रकाशाची साखळी अखंड राहते. स्कॅनर ही साखळी तोडतो. तो प्रत्येक बिंदूची घनता मोजून तिचे अंकांत रूपांतर करतो, आणि पुढे यंत्र त्या अंकांच्या आधारे शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर सोडते. बिंदूंनी छटेचा भास निर्माण करणे ही कल्पना मराठी वाचकास नवी नाही. रहिमतपूर ज्या पुणे–मिरज लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावरील किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’ मासिकासारख्या नियतकालिकांतून हाफटोन ठशांनी छापलेली छायाचित्रे आपल्या आधीच्या पिढ्यांनी पाहिली आहेत. मात्र हाफटोन चित्र आपली जाळी लपवीत नसे. इंकजेटची सारी धडपड बिंदू दिसू न देण्याची असते. एकाच काळ्या शाईने छापल्यास उजळ भागांत ठिपके विरळ होऊन डोळ्यांना खुपतात. रंगीत शायांचे मिश्रण करून करडा रंग साधल्यास प्रकाश बदलताच त्यावर हिरवट किंवा जांभळट झाक येते. म्हणून 2005 मध्ये एप्सनने काळा, करडा आणि फिका करडा अशा तीन पातळ्यांच्या शायांचा संच आणला; जॉन कोन यांच्या पिएझोग्राफी पद्धतीत तर रंगीत शाया वगळून निरनिराळ्या तीव्रतेच्या काळ्या-करड्या शायाच योजल्या जातात.

आकाराचा प्रश्नही गणिताने स्पष्ट होतो. 35 मिलिमीटर फिल्मवरील चौकट 24 × 36 मिलिमीटरची असते. इंचास 4000 बिंदू या प्रमाणात ती स्कॅन केली, तर सुमारे 3780 × 5670 बिंदू मिळतात. तिची 40 × 60 इंचांची प्रत काढल्यास दर इंचास सुमारे 94 बिंदू वाट्याला येतात. निरोगी डोळा सुमारे एक कला एवढा कोन ओळखू शकतो, असे धरले, तर दोन मीटरांवरून पाहण्यास इंचामागे सुमारे 44 बिंदू पुरेत. परंतु फूटभर अंतरावरून पाहावयाचे झाल्यास सुमारे 290 लागतील. याचा अर्थ असा की, मोठी प्रत प्रेक्षकाला कोठे उभे राहावयाचे ते सांगत असते. दूर उभा असलेला प्रेक्षक तिच्यातील रचना पाहतो. जवळ गेलेला प्रेक्षक तिच्यातील माणसे शोधतो. खरा वाद या दुसऱ्या प्रेक्षकाच्या बाबतीत उपस्थित होतो.

एक उदाहरण घेऊ. रहिमतपुरातील एका कुटुंबाच्या संग्रहातील एक निगेटिव्ह अभ्यासासाठी माझ्याकडे आली. ती 120 क्रमांकाच्या फिल्मवरील, 56 मिलिमीटर चौरस आकाराची आहे. स्कॅन केल्यावर तिच्या प्रत्येक बाजूस सुमारे 8800 बिंदू मिळाले. म्हणजे 40 इंची चौरस प्रतीतही इंचास सुमारे 220 बिंदू पडतात. चित्र साधे आहे : पेठेतील रस्ता, माथ्यावर ऊन, मध्यभागी छायाचित्रासाठी उभे राहिलेले तिघे पुरुष आणि त्यांच्यामागे एका घराच्या पडवीची दाट सावली. पहिली प्रत मी जाड, खरबरीत, सुती कागदावर काढली. छायाप्रकाशातील विरोध वाढविला. पडवी एकसंध काळी झाली आणि तिघांचे पांढरे पोशाख तिच्यावर कोरल्यासारखे उठून दिसले. ती प्रत मला फार आवडली, पाहणाऱ्यांनाही आवडली. हे येथे कबूल केले पाहिजे.

दुसरी प्रत बरायटा कागदावर, सावलीतील छटा सैल सोडून काढली. चकचक नसलेल्या सुती कागदावरील सर्वांत गडद काळासुद्धा आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे अडीच टक्के प्रकाश परत पाठवितो. बरायटा कागदावर हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरू शकते, त्यामुळे गडद छटांना आपसांत वेगळे राहण्यास अधिक अवकाश मिळतो. त्या अवकाशात पडवीतील दोन स्त्रिया दिसू लागल्या. एक सुपात काही निवडीत आहे, दुसरी खांबाला टेकून त्या तिघांकडे पाहत आहे. छायाचित्रासाठी त्यांना कोणी बोलाविलेले नव्हते. तरी निगेटिव्हने त्यांना टिपले होते, आणि माझ्या पहिल्या प्रतीने त्यांना पुसून टाकले होते.

येथे एक आक्षेप संभवतो. डार्करूममध्येही एखादा भाग हाताने झाकून उजळ करण्याची, दुसऱ्यास जादा प्रकाश देऊन गडद करण्याची पद्धत होतीच. मग नव्या प्रक्रियेवरच हा आरोप का? आक्षेप रास्त आहे. पहिली प्रत डार्करूममध्येही काढता आली असती. परंतु दोन गोष्टींनी परिस्थिती पालटली आहे. पहिली अशी की, रंगीत फिल्मवरील धूळ व ओरखडे अवरक्त किरणांच्या साह्याने स्कॅनरला आपोआप ओळखता येतात. कृष्णधवल फिल्मवरील रौप्यकण मात्र ते किरण स्वतःच अडवितात, म्हणून तेथे हा उपाय चालत नाही. प्रत्येक डाग हाताने काढावा लागतो. हा ठिपका धूळ की आकाशातील घार, ही रेघ ओरखडा की तार, हे प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवितो, आणि त्या निर्णयाची खूण मागे उरत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रतिमा मोठी करताना तीत नसलेला तपशील आपल्या अंदाजाने भरणारी संगणकीय साधने आता सहज उपलब्ध आहेत. पुसट चेहऱ्याच्या जागी ती रेखीव चेहरा निर्माण करतात. मात्र तो त्या व्यक्तीचा नसतो. डार्करूममधील कारागीर झाकू शकत होता, दडपू शकत होता; नवे माणूस तो इतक्या सहजपणे घडवू शकत नव्हता.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास यातील एकही दोष अपरिचित नाही. धूळ म्हणून घार पुसणे हा लेखकाचा प्रमाद. सावली बुजविणे हा पाठलोप. यंत्राने चेहरा भरणे हा प्रक्षेप. एकनाथांनी शके 1506 मध्ये (इ. स. 1584) ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा आपल्या ओव्या तीत कोणी मिसळू नयेत, अशी ताकीद त्यांना द्यावी लागली. पुढे वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये, एकनाथपूर्व म्हणून त्यांनी मानलेली प्रत छापली आणि पाठाचा वाद नव्याने सुरू झाला. हा वाद शक्य झाला, कारण ताडून पाहण्यास पोथ्या होत्या. संहिता आणि प्रयोग ही उपमा अपुरी पडते ती नेमकी येथे. नाटकाचा प्रयोग संपतो आणि छापील संहिता वाचकाच्या हाती राहते. दिग्दर्शकाने काय गाळले, हे कोणासही पडताळता येते. निगेटिव्ह मात्र वाचकाच्या हाती कधीच नसते. ती कपाटात असते, पुष्कळदा दमटपणाने किंवा दुर्लक्षाने नष्ट होते, आणि भिंतीवरील चाळीस इंचांची प्रत हाच एकमेव साक्षीदार उरतो. ज्या प्रयोगाची संहिता प्रेक्षकास पाहता येत नाही, तो प्रयोग आपणच संहिता होऊन बसतो.

म्हणून अशा प्रतीच्या समीक्षकाने तीन प्रश्न विचारावेत. निगेटिव्हमध्ये असलेले काय या प्रतीत दिसेनासे झाले? निगेटिव्हमध्ये नसलेले काय तीत आले? आणि या दोहोंची नोंद प्रतीसोबत आहे काय? पहिल्याचे उत्तर ‘पुष्कळ’ असे आले तरी प्रत वाईट ठरत नाही. निवडीवाचून कला नाही. दुसऱ्याचे उत्तर ‘काही’ असे येताच तिला त्या छायाचित्राची प्रत म्हणता येणार नाही. ती स्वतंत्र कलाकृती म्हणून जगू शकेल. तिसरा प्रश्न मात्र सर्वांना समान लागू आहे. निगेटिव्हचा आकार, स्कॅनचे प्रमाण, कागद आणि शाई, कातरलेला भाग, पुसलेले डाग, सावल्यांविषयीचा निर्णय आणि प्रत काढल्याचे वर्ष, एवढी नोंद पोस्टकार्डभर जागेत मावते. संपादित ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपण याहून अधिक मागतो.

माझी पहिली प्रत मी टाकून दिलेली नाही. चित्र म्हणून ती आजही मला दुसरीपेक्षा देखणी वाटते. फक्त तिच्या मागील बाजूस आता नोंद आहे : ‘पडवीत दोन स्त्रिया बसल्या आहेत, या प्रतीत त्या दिसत नाहीत.’