पहिल्या संगीतीत राहून गेलेले प्रश्न

चुल्लवग्गाच्या अकराव्या खंधकात पहिल्या संगीतीचा वृत्तांत आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृही पाचशे भिक्खू जमले. महाकस्सपांनी उपालींना विचारले, पहिला पाराजिक नियम कोठे घालून दिला गेला? वैशालीस. कोणामुळे? सुदिन्न कलंदपुत्तामुळे. मग आनंदांना विचारले, ब्रह्मजालसुत्त कोठे सांगितले गेले? राजगृह व नालंदा यांच्या दरम्यान, अंबलट्ठिकेतील राजगृहात, म्हणजे राजाच्या विश्रामस्थानी.

या पद्धतीची स्तुती होते ती रास्तच आहे. स्थळ व व्यक्ती विचारली की स्मरणाला आधार मिळतो, आणि सभेला चूक पकडता येते. परंतु त्याच खंधकात या पद्धतीची मर्यादाही नोंदलेली आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. संघाची इच्छा असल्यास क्षुद्रानुक्षुद्र नियम रद्द करावेत, असे तथागत म्हणाले होते; ते नियम कोणते, हे आनंदांनी विचारलेच नव्हते. संगीतीत त्यावर एकमत होईना. अखेर एकही नियम न वगळण्याचे ठरले. पुढे पुराण नावाचे भिक्खू आले. संगायन उत्तम झाले, पण मी प्रत्यक्ष तथागतांकडून जसे ऐकले तसेच धारण करीन, असे ते म्हणाले. त्यांनी काय ऐकले होते? पाली वृत्तांतात हे त्यांना कोणी विचारलेले दिसत नाही!

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी याच संगीतीवर नेमके बोट ठेवले आहे. धम्म विचारला, विनय विचारला; तथागतांच्या जीवनातील घटना मात्र महाकस्सपांनी विचारल्या नाहीत. तथागतांनी आपल्या धम्मात स्वतःला स्थान ठेवले नव्हते, हे त्याचे कारण बाबासाहेब देतात. ते पटते. तरीही चरित्र हातचे गेले ते गेलेच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतलेले जे मोजके लोक आज हयात आहेत, त्यांनी बहुधा ऐंशी ओलांडली आहे. आपले अभ्यासक त्यांच्याकडे जातात आणि तारीख, मैदान, प्रतिज्ञांची संख्या विचारतात. एवढे तर छापील पुस्तकांत मिळते. वयोवृद्ध साक्षीदार एखादा आकडा चुकला की ओशाळतो आणि पुढे बोलत नाही, हा माझा अनुभव आहे. घरी परतल्यावर देव्हाऱ्याचे काय केलेत, आई काय म्हणाली, हे त्याला विचारायचे राहूनच जाते.