पानाला पडलेले भोक

दिवाळी सरली की दीड महिन्यात आमच्या सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तापीकाठी घोड्यांचा बाजार लागतो. घोडा घेणारा गृहस्थ त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, खूर उचलून पाहतो. तोच गृहस्थ पोरासाठी चित्रांचे पुस्तक घेताना मात्र कागद गुळगुळीत आहे ना आणि शेवटी तात्पर्य आहे ना, एवढे पाहून पैसे मोजतो! हसू नका, मास्तर असून मीही तेच करीत आलो. त्यातून मी पडलो कादंबऱ्या लिहिणारा. चित्र म्हणजे मजकुराला लावलेली झालर, अशी माझी पक्की समजूत.

ती मोडली एका अळीने. एरिक कार्ल या अमेरिकन चित्रकाराचे १९६९ सालचे ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ पुतण्याने शहरातून आणले. अंड्यातून निघालेली अळी आठवडाभर खात सुटते. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, शनिवारी तर केक, आइसक्रीम, लोणचे, काय वाटेल ते! मग पोटदुखी, मग कोश, मग फुलपाखरू. आणि जिथे अळीने खाल्ले, तिथे पानाला खरोखरच भोक आहे. पहिलीच्या वर्गात मी ते मराठीतून सांगू लागलो. पण ऐकतो कोण? एकेक जण पुढे येऊन भोकात बोट घालून पाही. एरवी ‘हात लावू नका, फाटेल’ म्हणणारा मी गप्प उभा.

फुलपाखराच्या पानावर सारे ओरडले. कापूसवाल्याची एक पोर तेवढी ओरडली नाही. म्हणाली, “गुरुजी, कोणी औषध नाही मारलं?”

बोंडात अळी निघाली की घरात जेवणे कशी होतात, हे त्या पोरीला माझ्याहून अधिक ठाऊक. ‘यावरून काय बोध घ्याल?’ हा माझा ठेवणीतला प्रश्न घशातच राहिला. मग वर्गात जे भांडण जुंपले! अळीला भूक लागली तर तिने करावे काय? आणि आमचा कापूस? घंटा झाली तरी निकाल लागला नाही.

पुस्तक निर्दोष नाही. फुलपाखरू अशा कोशातून निघत नाही, तो कोश पतंगाचा, हा जाणकारांचा आक्षेप खरा आहे. पण बोध चिकटवलेल्या दहा पुस्तकांनी जे भांडण लावले नाही, ते याने लावले.

आपल्याकडेही हे जमलेले आहे. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ घ्या. एकेका माणसावर एकेक चिमुकले पुस्तक. लिहिणारा हात आणि चित्र काढणारा हात एकच. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण माझ्या लेखी महत्त्व याला, की त्यात घरातली माणसे नुसती असतात, उपदेश करीत नाहीत. आमच्या शिवारातले घर असे कोणी चितारील काय, एवढीच हुरहुर.

तेव्हा यंदा यात्रेत पुस्तक घ्याल तर मजकुरावर तळहात ठेवून पाहा. चित्रात शोधायला काही उरते का? उरत नसेल, तर त्या पैशांची शेव-जिलेबी घ्या.

त्या पोरीने ते पुस्तक दोन दिवस घरी मागून नेले. परत आले तेव्हा सफरचंदाशेजारी पेन्सिलीने कापसाचे एक बोंड काढलेले होते. भोकासकट.