चक्रवाकाची दुसरी ओळख

चक्रवाकाच्या जोडप्याचा रात्रीं वियोग होतो, हा काव्यसंकेत आम्हीं महाविद्यालयांत पंचवीस वर्षें शिकविला. नदीच्या दोन तीरांवरून तीं दोघें पहांटेपर्यंत एकमेकांस आळवितात, हें सांगतांना आमचा स्वर कधीं कधीं कातरही होत असे. परंतु हा पक्षी दिसतो तरी कसा, असें एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलें असतें, तर आम्हांस खालीं मान घालावी लागली असती. तसें कोणीं विचारलें नाहीं. आणि आमच्या काव्यशिक्षणाचा खरा दोष हाच होय.

गेल्या पौषांत नांदूरमध्यमेश्वरास जाण्याचा योग आला, तेव्हां ही उणीव थोडी भरून निघाली. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा बांधण्यांत आला. हेतु होता पाटाच्या पाण्याचा. नद्यांनीं आणलेला गाळ बंधाऱ्यामागें सांचत गेला, पाणी उथळ झालें, मधूनमधून बेटें वर आलीं, पाणगवत माजलें. पाटबंधाऱ्याच्या हिशेबांतली ही तूट पक्ष्यांच्या खातीं जमा झाली. १९८६ सालीं येथें अभयारण्य झालें, आणि २०२० सालीं रामसर कराराच्या जागतिक यादींत महाराष्ट्रांतील पहिली पाणथळ जागा म्हणून याच स्थळाचें नांव लागलें.

चापडगांवच्या मनोऱ्यावर वाटाड्यानें दुर्बीण आमच्या हातीं दिली. गाळाच्या पट्टीवर नारिंगी-तांबूस अंगाचीं, फिकट डोक्याचीं दोन मोठीं बदकें अगदीं शेजारीं शेजारीं उभीं होतीं. हाच चक्रवाक! उन्हाळ्यांत लडाख-तिबेटाकडील उंच सरोवरांच्या कांठीं वीण करावी व हिंवाळ्यांत दक्षिणेस यावें, हा त्याचा क्रम. जोडी सहसा एकमेकांची संगत सोडीत नाहीं. मग वियोगाची ती कथा निव्वळ कल्पित काय? तसेंही म्हणवत नाहीं. हा पक्षी पुष्कळसा रात्रीं चरतो, आणि त्याची सानुनासिक हांक दूरवर जाते. ज्यानें हा संकेत प्रथम रचिला, त्यानें नदीकांठीं काळोखांत ती हांक ऐकिली असावी. त्यानें लाविलेला अर्थ चुकला असेल. कान चुकला नव्हता. मागून आलेल्यांनीं मात्र नदीकांठ सोडला आणि पोथी हातीं धरिली.

आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांची गोष्ट तर याहून विचित्र आहे. कीट्सचा नाइटिंगेल हा १८१९ सालीं हॅम्पस्टेडला त्यानें स्वतः ऐकिलेला पक्षी होता. आम्हीं तो न ऐकतां तोंडपाठ केला, आणि नाशिकपासून थोड्याच अंतरावर दर हिंवाळ्यांत येणाऱ्या चक्रवाकाची विचारपूसही केली नाहीं.

यावर कोणी म्हणेल, काव्य म्हणजे प्राणिशास्त्र नव्हे. मान्य आहे. परंतु पाहण्यानें काव्य कमी होतें, हें आम्हांस मान्य नाहीं. आमच्या वाटाड्यानें सांगितलेलीं नांवेंच पाहा. ज्या बदकाच्या काळ्या चोंचीच्या टोंकास पिवळा रंग व मुळाशीं तांबडे ठिपके, तें ‘हळदीकुंकू’. ज्याची चोंच पसरट, तो ‘थापट्या’. काठ्यांसारख्या लांब पायांचा तो ‘शेकाट्या’. काळ्या अंगाचा, कपाळीं पांढरा टिळा मिरविणारा, थव्याथव्यानें फिरणारा तो ‘वारकरी’. हीं नांवें ठेवणाऱ्यानें अलंकारशास्त्र वाचिलें नसेल. पण उपमान आणि उपमेय हीं दोन्ही त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. आमच्या कित्येक छापील कवितांविषयीं असें म्हणतां येणार नाहीं.

संस्कृत ग्रंथांतला पक्षी आणि लोकांच्या तोंडचा पक्षी यांची गांठ मराठींत घालून दिली ती २०२५ सालीं दिवंगत झालेल्या मारुति चितमपल्ली यांनीं. अरण्यखात्यांत आयुष्य घालविलेल्या या लेखकाचा ‘पक्षिकोश’ मराठीच्या प्रत्येक अध्यापकाच्या मेजावर असावा, असें आमचें मत आहे. मात्र कोश नांव राखतो, पक्षी राखीत नाहीं. गोदावरींत वरच्या शहरांचें सांडपाणी येतें, आणि त्यावर पोसलेली जलपर्णी पाण्याचा पृष्ठभाग झांकून टाकते. तिच्याखालीं उथळ पाणी गेलें कीं थापट्या जाईल, वारकरी जाईल. मग हे शब्दही चक्रवाकाप्रमाणेंच केवळ पुस्तकी होतील. आणि पुढचा एखादा प्राध्यापक तेही कातर स्वरांत शिकवूं लागेल.

तेवढ्यासाठीं आम्हीं एक ठरविलें आहे. येत्या हिंवाळ्यांत हा संकेत शिकविण्यापूर्वीं वर्ग एक दिवस संगमावर न्यावयाचा. मुलांनीं आधीं पक्षी पाहावा, श्लोक मागाहून.