वजाबाकीची प्रतिमा

मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे अंकीय चित्रण फार नितळ दिसते, आणि त्यामुळेच त्याचे वाचन सावधपणे व्हावयास हवे. १९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील वाहिन्या क्ष-किरणांनी प्रथम दाखविल्या. १९८० च्या सुमारास संगणक आला आणि वजाबाकी क्षणार्धात होऊ लागली. एक प्रतिमा साधी, दुसरी आयोडीनयुक्त द्रव सोडल्यावरची. दुसरीतून पहिली वजा केली की कवटी लोपते. या रीतीचे कौतुक रास्तच आहे. मात्र उरते ती द्रवाने भरलेली पोकळी, वाहिनीची भिंत नव्हे. गुठळीने भरलेला फुगवटा येथे प्रत्यक्षाहून लहान दिसतो, कधी दिसतही नाही.

दुसरी अट अधिक कठोर आहे. दोन्ही प्रतिमांच्या दरम्यान डोके हलता कामा नये. भाईंदर पूर्वेच्या गोडदेव गावातून पक्षाघात झालेली एखादी वृद्धा आणली गेली, असे समजा. ‘हलू नका, आवंढा गिळू नका’ ही सूचना ज्या मेंदूने समजून घ्यावयाची, तोच व्याधिग्रस्त! ती हलली की हाडाची कडा पुसली न जाता वाहिनीशेजारी खोटी रेघ उमटते. प्रतिमा सरकवून जुळविता येतात; पण मान वळली असेल तर ही युक्ती अपुरी पडते. भूल द्यावी, तर वाचा आणि हातापायांची शक्ती तेवढा वेळ तपासता येत नाही. अशा वेळी अहवालात ‘हालचालीमुळे प्रतिमा सदोष’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या वाहिनीविषयी निर्णय देता आला नाही, तेही नोंदले पाहिजे.